दोन गुण, एक सूचना

कराडच्या सुवाणी वक्तृत्व मंडळात भाषण झालं की मूल्यमापक उठतो, वक्त्याचे दोन गुण सांगतो आणि एक सूचना देतो. गुणांचं पुढे काही होत नाही. सूचना मात्र वक्ता घरी पोचेपर्यंत अमलात आलेली असते.

यात मंडळातल्या कुणालाच वावगं वाटत नाही. दर रविवारी सकाळी ग्राहक भांडाराच्या वरच्या हॉलमध्ये सभा भरते, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, चहा होतो, आणि बोललेली माणसं आपापली सूचना घेऊन घरी जातात. रहाळकर म्हणून एक विमा एजंट आहेत. ते आपल्या संसारावर बोलले, तेव्हा सूचना आली होती, विनोद हवा. त्या दुपारपासून त्यांची बायको हसते आहे. पोळ्या लाटताना हसते, झोपेत हसते, स्वतःच्या आईच्या तेराव्यालाही हसत बसली होती. रहाळकर म्हणतात, आता सवय झाली, आणि सूचना तशी योग्यच होती.

दुसरे पोतनीस. त्यांनी ठरवलं, आपण बोलायचंच नाही, मग सूचना देणार कशावर? झाकली मूठ सव्वा लाखाची. ते समोर उभे राहिले आणि वेळ संपेपर्यंत तोंडाला कुलूप लावून उभेच राहिले. मूल्यमापकालाही काही सुचेना. मूल्यमापक गप्प बसला तर सूचना सभेने द्यायची, असा नियम आहे. सभा एका आवाजात म्हणाली, काहीतरी घाला. तेव्हापासून पोतनिसांच्या घरी काहीतरी आहे. काय आहे, ते सांगत नाहीत. येताना दाराला बाहेरून कडी घालून येतात, आणि सभा संपली तरी लवकर उठत नाहीत.

मुकुंद जंगम आपण होऊन असल्या ठिकाणी गेला नसता. स्टँडमागे त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळलेली मोटार घेऊन गिऱ्हाईक आलं की ‘ठेवा’ म्हणायचं, झाली की ‘न्या’ म्हणायचं, या दोन शब्दांवर त्याचा धंदा व्यवस्थित चालत होता. बायको, शैला, बाळंतपणातच गेली. मागे राहिलेली पोर, गिरिजा, त्याने एकट्याने वाढवली आणि तेही जवळजवळ न बोलता. पोर आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि बापाच्या वाट्याचंही बोलणं तिच्याकडे होतं. तिनेच त्याचं नाव मंडळात घातलं.

“अप्पा, रागावू नका,” ती म्हणाली. “पण आई गेल्यावर काय झालं, मी लहानपणी कशी होते, मला कोण सांगणार? तुमच्याशिवाय हाय कोण? मोटारीला कान लावून बसता तसं कधी माझ्याजवळ बसून सांगा की.”

“काय सांगायचंय त्यात,” मुकुंद म्हणाला.

“तेच. तेच शिकून या.”

मुकुंदला वाईट वाटलं. पोरीसाठी आपण काय केलं ते आपल्याच तोंडाने सांगायचं म्हणजे पाटी लावून फिरण्यासारखं, असं त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं. पण मंडळाच्या सूचनांचं त्याच्या कानावर आलं, तेव्हा वाईट वाटणं बाजूला राहिलं आणि भीती वाटू लागली. नव्या सभासदाचं पहिलं भाषण ओळखीचं असतं. मी कोण, माझं घर कसं, घरात कोण कोण. आणि त्याच्या घरात गिरिजाशिवाय कुणीही नव्हतं. सूचना पडणार ती तिच्यावरच.

त्याने जायचं टाळून पाहिलं. पण नाव घातलं की रविवारी सकाळी गावातले सगळे रस्ते भांडाराच्या जिन्याशी येतात. तो दुकानाकडे निघाला, जिन्याशी आला. स्कूटर काढून मलकापूरच्या मेव्हण्याकडे निघाला, पूल ओलांडला, उसाची शेतं लागली, शेतांमधून वळण घेतलं आणि पुढे भांडाराचा जिना होता. जिन्याच्या तोंडाशी रहाळकर चहाचा कप घेऊन उभे होते.

“आलात? छान,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी तुमचं भाषण.”

रहाळकर मनाचे वाईट नव्हते. त्यांनी मुकुंदला कोपऱ्यात घेतलं आणि जुने सभासद काय करतात ते सांगितलं. भाषणात एक ठळक खोट ठेवायची. मूल्यमापकाच्या डोळ्यांत ती आधी भरते, त्याची एकुलती एक सूचना तिच्यावर खर्ची पडते आणि घरदार वाचतं. कुणी हात खिशात घालून बोललं, कुणी कागद वाचून दाखवला, कुणी डुलत बोललं.

“मग मीबी हात खिशात घालतो की.”

“घाला बघू.”

मुकुंदने हात खाली नेला. पँटला खिसा नव्हता. घरातून निघताना दुकानाची किल्ली त्याने त्याच खिशात टाकली होती.

“ती सूचना दिली गेली,” रहाळकर म्हणाले. “या हॉलमध्ये आता कुणाच्याच कपड्याला खिसा नसतो. कागद आणलात तर कोरा निघेल. डुलायला लागलात तर गुडघे वाकणार नाहीत. एकदा दिलेली सूचना मंडळात पुन्हा देत नाहीत. स्वस्तातल्या सगळ्या संपल्या हो. तुम्हाला नवी खोट शोधावी लागेल.”

मुकुंदने आठवडाभर खोट शोधली. मोटारीची तार गुंडाळताना शोधली, जेवताना शोधली. गिरिजा समोर बसून भात कालवत असायची आणि तो तिच्याकडे बघून विचार करायचा, की हिच्याऐवजी काय पुढे करता येईल? तेव्हा त्याला सुचलं. भाषणात एक माणूस जास्त घालायचा. अगदी उघड जास्त, बिनकामाचा. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा कशाला आलाय मध्ये? मूल्यमापक म्हणेल, हा काढा. मुळात नसलेला माणूस निघून जाईल आणि घरात कमी काहीच होणार नाही.

त्याने भाऊ घातला. थोरला भाऊ, शिवानंद. मुकुंद आईबापांना एकटा होता, त्यामुळे भाऊ कसा असतो याची त्याला फारशी कल्पना नव्हती, पण बिनकामाचा असायला कल्पना कशाला लागते? आपली युक्ती त्याला इतकी आवडली, की त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी गाढ झोपला.

रविवारी गिरिजा त्याच्याबरोबर आली. पाहुण्यांना मज्जाव नसतो. तिने इस्त्रीची साडी नेसली होती आणि ती पहिल्या रांगेत बसली. हॉल मात्र आदल्या वेळेपेक्षा अरुंद झाला होता. दोन्ही बाजूंच्या भिंती खुर्च्यांना टेकल्या होत्या आणि कडेच्या लोकांनी खांदे आत घेतले होते. अध्यक्ष डॉ. कर्पे दातांचे डॉक्टर होते आणि बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडात बघायचे. त्यांनी मूल्यमापकांचं नाव पुकारलं. मंडळाची रीत अशी, की ज्याचं ओळखीचं भाषण झालं त्याने पुढच्या रविवारी मूल्यमापन करायचं. आदल्या रविवारी निवृत्त मुख्याध्यापिका मोघेबाई बोलल्या होत्या. त्यांना सूचना आली होती, नावं फार होतात. तेव्हापासून त्यांना कुणाचंच नाव आठवत नव्हतं, मुलांचंसुद्धा. त्यामुळे त्या सगळ्यांना ‘वक्ते’ म्हणत होत्या.

मुकुंद उभा राहिला. दुकान झालं, मोटारी झाल्या. मग तो म्हणाला, “मला एक थोरला भाऊ आहे. शिवानंद.” आणि थांबला. भाऊ काय करतो? सभा वाट बघत होती. बिनकामाचा माणूससुद्धा नुसता उभा करता येत नाही, त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं, हे त्याच्या तिथे लक्षात आलं. गिरिजा मान थोडी पुढे करून ऐकत होती. ती कशासाठी आली होती ते त्याला ठाऊक होतं. ते सांगायचं तर होतं. पण ‘मी केलं, मी केलं’ म्हणायला त्याची जीभ रेटेना.

“गिरिजा आठ महिन्यांची असताना तिला ताप भरला,” तो म्हणाला. “आकडी आली. गावात बंद होता, रिक्षा नाही, काही नाही. आम्ही नदीपलीकडं राहत होतो. माझ्या भावानं तिला छातीशी धरलं आणि जुन्या कोयना पुलावरून पळत आणलं. पायात चप्पल नव्हती. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर पोर हाताला लागली नसती.”

मुकुंदला एवढं मोकळं कधी वाटलं नव्हतं. भावाच्या नावावर टाकलं की सगळं सहज तोंडातून येत होतं. मग त्याने वेण्या घालायला शिकलेला सांगितला, तोही भाऊ. शेजारणीकडे जाऊन तारेवर सुतळी गुंफून तो वेणी शिकला होता. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाबाहेर शाळा सुटेपर्यंत उभा राहिलेला, तोही भाऊ. पोरीला कांजिण्या आल्या तेव्हा रात्रभर तिचे हात धरून बसलेला. लोकांनी माना डोलावल्या. रहाळकरांनी डोळे पुसले. गिरिजाचे डोळेही भरून आले होते, आणि मुकुंदला वाटलं, सांगून झालं एकदाचं. आपण काय करून बसलो हे त्याच्या अजून ध्यानात आलं नव्हतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

लाल कार्ड वर झालं. वेळ संपल्याची ती खूण. मोघेबाई उठल्या.

“वक्त्यांचा पहिला गुण म्हणजे प्रामाणिकपणा,” त्या म्हणाल्या. “दुसरा गुण, भाऊ. भाऊ डोळ्यांपुढे उभा राहिला.”

मुकुंद मनात म्हणत होता, काढा म्हणा, भाऊ काढा म्हणा.

“आता सूचना. या भाषणात वक्ते स्वतः पोरीसाठी काहीच करताना दिसत नाहीत. मग ते तिचे वडील कशाला आहेत? ज्याने केलं त्याचीच ती असायला हवी. मुलगी भावाची करा. भाषण एकदम बसेल.”

टाळ्या झाल्या. मुकुंदने पहिल्या रांगेकडे पाहिलं. गिरिजाही टाळ्या वाजवत होती. मग तिने पदर सारखा केला, पर्स काखेत मारली आणि उठून त्याच्याजवळ आली.

“छान बोललात, काका,” ती म्हणाली. “मी होते पुढं. अप्पा जेवायचे थांबले असतील.”

ती जिना उतरून गेली. मुकुंद मोघेबाईंकडे धावला. त्या चहात बिस्कीट बुडवत होत्या.

“बाई, ते मीच केलंय सगळं. मला भाऊच नाही.”

“तसं भाषणात आलं नाही.”

“लाज वाटली म्हणून नाही आलं. मागं घ्या की सूचना. पाया पडतो.”

“मी काही माझ्या पदरचं घातलं का?” मोघेबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. “तुम्ही दिलंत तेच मी नीट लावलं. आणि मागे घेता येत असती, वक्ते, तर माझी मी घेतली नसती का? काल मुलगा आला होता. हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसती उभी राहिले.”

घर जागेवर होतं. दाराशी एक मोठी चप्पल होती. शिवानंदनेच दार उघडलं. मुकुंदने भाषणात त्याचा चेहरा कसा आहे ते सांगितलं नव्हतं, म्हणून त्याला चेहराच नव्हता. म्हणजे भेसूर असं काही दिसत नव्हतं. बघायला गेलं, की नजर आपोआप खांद्यावर उतरायची, एवढंच.

“ये, मुकुंदा,” तो म्हणाला. “बाहेर का उभा?”

भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत शैलाच्या शेजारी शिवानंद उभा होता. गिरिजाने तीन ताटं घेतली होती, पण तिसरं पाहुण्यांसाठी ठेवलेल्या नव्या स्टीलचं होतं. जेवताना शिवानंद बोलत होता आणि ती हसत होती. तिने काही विचारलं की तो सांगायचा. वेणीचं सांगितलं, कांजिण्यांचं सांगितलं, ती कुठल्या पायावर पहिल्यांदा उभी राहिली ते सांगितलं. इतकी वर्षं तिला जे ऐकायचं होतं ते ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा इतका निवांत मुकुंदने कधी पाहिला नव्हता. हा माणूस आपल्यापेक्षा चांगला बाप आहे, असं त्याला एकदा वाटून गेलं, आणि असं वाटल्याबद्दल त्याला स्वतःचाच संताप आला.

मग शिवानंद हात धुवायला गेला, तेव्हा तो हळूच म्हणाला, “गिरिजा, पुलावरून तुला मी नेलं होतं.”

तिने काळजीने त्याच्याकडे पाहिलं. “काका, आत्ताच तर सभेत तुम्ही सांगितलंत, अप्पांनी नेलं म्हणून. मी समोर होते की.” आणि जरा वेळाने, समजूत घालावी तशी, “भात घ्या ना थोडा.”

मुकुंद दुकानात राहायला गेला. जळक्या वार्निशच्या वासात आडवा पडून तो विचार करत राहिला, आणि तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्याला रस्ता दिसला. गिरिजाने शिवानंदचं नाव मंडळात घातलं होतं, अप्पा इतके छान बोलतात म्हणून. येत्या रविवारी त्याचं ओळखीचं भाषण होतं. आणि रीतीप्रमाणे मूल्यमापन कोण करणार? ज्याचं आदल्या रविवारी झालं तो. मुकुंदच्या हातात एक सूचना येणार होती. त्याने वाक्य तयार केलं: मुलगी धाकट्या भावाची करा. मोटारींपुढे उभं राहून त्याने ते इतक्या वेळा म्हटलं, की आयुष्यात दुसरं कुठलंही वाक्य त्याला एवढं चांगलं बोलता येत नव्हतं.

रविवारी हॉल आणखी आवळला होता. एका ओळीत एकच खुर्ची मावत होती आणि लोक एकामागे एक बसले होते, शेवटचे पोतनीस जिन्यावर. सर्वांत पुढच्या खुर्चीत गिरिजा होती. मुकुंदची खुर्ची बोलणाऱ्याच्या शेजारी, भिंतीला चिकटून होती. गुडघे पोटाशी घेऊन त्याला बसावं लागलं.

शिवानंद उभा राहिला. “माझी ओळख सोपी आहे,” तो म्हणाला. “माझा चेहरा माझ्या मुलीसारखा आहे.” त्याला तिथल्या तिथे चेहरा आला. गिरिजाचं कपाळ, गिरिजाची हनुवटी. लोकांनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि कौतुकाने माना हलवल्या.

मग त्याने पूल सांगितला. मुकुंदने सांगितला होता तेवढाच नाही, सबंध. पळताना पोरीने सदऱ्याचं बटण मुठीत धरलं होतं आणि दवाखान्यात मूठ सुटेना, तेव्हा कंपाउंडरने बटणच कापून काढलं, हे मुकुंदने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. शैलालाही सांगितलं असतं, पण ती नव्हती. ते त्याचं एकट्याचं होतं आणि शिवानंद ते सगळ्या सभेला सांगत होता. मुकुंदला वाटलं, उठावं आणि याचा गळा धरावा. पण ते खोटं नव्हतं. एक शब्दही खोटा नव्हता.

“त्या वेळी घरात दुसरं कुणी नव्हतं,” शिवानंद म्हणाला. “मी आणि ती, दोघंच. मी नसतो तर तिला बघायला चिटपाखरू नव्हतं.” वेळ संपत आल्याचं पिवळं कार्ड वर झालं. “मला एक धाकटा भाऊ आहे. मुकुंद. तो फार नंतर आला. आधी कुठं होता, मला माहीत नाही. त्याचं दुकान आहे. तो फारसा बोलत नाही.”

एवढं बोलून तो बसला. मुकुंदने ते शेवटचे शब्द ओळखले. असा माणूस कशासाठी घालतात हे त्याच्याइतकं त्या हॉलमध्ये कुणाला ठाऊक होतं?

डॉ. कर्प्यांनी त्याचं नाव पुकारलं. खुर्चीतून सुटायला त्याला वेळ लागला. उभा राहिला तेव्हा छत टाळूला लागलं आणि मान वाकवूनच बोलावं लागलं. “पहिला गुण,” तो म्हणाला, “आवाज. दुसरा गुण. दुसरा गुण, वक्त्यांना सगळं आठवतं.”

तयार केलेलं वाक्य जिभेवर होतं. मुलगी धाकट्या भावाची करा. पण या भाषणात धाकटा भाऊ फार नंतर आला होता. पोर त्याची केली, तर आठ महिन्यांच्या पोरीला ताप भरेल तेव्हा तिचा बाप कुठे असेल, हे कुणालाच माहीत नसेल, आणि जो घरात होता तो तिचा कुणी नसेल. थोरला भाऊ काढला तर घरात कुणीच नसेल. आकडी येईल, पाळणा हलेल आणि थांबेल. मुकुंदला तो पाळणा समोर दिसला. त्याने दुसरं काहीतरी शोधलं, एखादी फुटकळ चूक, हाताची, आवाजाची. शिवानंदने एकही केली नव्हती. गप्प राहिलं तर सभा सूचना देणार, आणि सभेची सूचना कशी असते ते बघायचं तर जिन्यात पोतनीस बसलेच होते.

लाल कार्ड वर झालं. समोर गिरिजा दोन्ही हात घट्ट धरून बसली होती. ती घाबरली होती. आपल्या बापाच्या भाषणाला काका काय नावं ठेवतो, म्हणून ती घाबरली होती. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी ती अशीच बसायची आणि मुकुंद काही न बोलता तिच्यापुढे चहा ठेवायचा. तेवढंच त्याला येत होतं. आता मात्र त्याला बोलता येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे तिच्यासाठी एक वाक्य होतं आणि ते तिला वाचवू शकत होतं. पण ते बोललं, की आपण तिला कधी माहीतच नव्हतो असं होईल, हे त्याला फार लागलं.

“सूचना,” तो म्हणाला. “बाप आणि मुलगी, दोघंच पुरेत. धाकटा भाऊ कशाला आहे, कळलं नाही. तो काढा.”

गिरिजाने श्वास सोडला. तिचे हात सुटले. मुकुंदने ते डोळे भरून पाहिलं. टाळ्या व्हायला हव्या होत्या, त्या झाल्या नाहीत. लोक आळस देत होते, कुणीतरी चहाचं विचारत होतं. डॉ. कर्प्यांनी वक्त्याशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग सभेकडे.

“श्री. शिवानंद जंगम यांचं भाषण आपण ऐकलं,” ते म्हणाले. “मूल्यमापन व्हायचंय. कुणाकडे आहे?”

मुकुंद मान वाकवून तिथेच उभा होता. “झालं की,” तो म्हणाला. “मी केलं.” मागच्या रविवारी सभेपुढे जे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नव्हते ते तो मोठ्याने म्हणाला आणि पुन्हा म्हणाला, पण डॉ. कर्पे त्याच्या आरपार सभेकडेच बघत राहिले.

“कुणीच नाही? मग सूचना सभेला द्यावी लागेल.”

“मी करते,” गिरिजा म्हणाली, आणि हात वर करून उठली.